वाट समुद्राकडून सुरू होते

४ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार वगैरे तूच समजून घे, मला हात जोडायची हौस उरलेली नाही. फोन केला की तू "क्लासवर आहे, नंतर करतो" म्हणतोस, आणि तुझं ते नंतर काही उगवत नाही. म्हणून पत्र. पत्र मध्येच कट करता येत नाही. मुद्दाम ड्रायव्हिंग स्कूलच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी पाठवलं असतं तर वहिनीच्या हातात पडलं असतं, आणि तू तिला खरं काय ते सांगितलेलं नसणार, एवढं मी तुला ओळखते.

आधी आईचं सांगते, कारण तू विचारायचा नाहीस. खुब्याचं हाड जुळलंय. डॉक्टर म्हणाले, आता उभं राहायला हरकत नाही. फिजिओवाल्या बाई दिवसाआड येतात, वॉकर पुढ्यात ठेवतात, "चला आजी, नुसतं उभं राहायचं" म्हणतात. आई भिंतीकडे तोंड फिरवते. मी विनवते, रागावते, शेवटी ओरडते. तिच्यावर ढिम्म परिणाम होत नाही.

आता माझं.

त्या दिवशी तू आलास, वर्षातून एकदा येतोस तसा, आणि शेजारच्या काकूंना "आईचे जरा पाय मोकळे करून आणतो" असं सांगून निघालास. मी तिकडे खाडीच्या वाटेवर गवत कापत होते. टेकडीची वाट सोपी आहे हे तुला कुणी सांगितलं? माझ्याच पाटीने. 'सोपी वाट. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना चालेल.' ते खरंच आहे. पण ती सोपी आहे समुद्राकडून. समुद्राच्या बाजूच्या दगडी पायऱ्या चढायच्या, माथ्यावरून सपाटीने जायचं आणि पलीकडच्या लांबलचक उतारावरून रमतगमत नदीच्या धक्क्यावर उतरायचं. पायऱ्या चढताना माणूस पुढे झुकतो, पडला तर हातांवर पडतो. उतरताना पडला तर कसा पडतो, ते तू पाहिलंस. कठडाही एकाच बाजूला आहे, चढणाऱ्याच्या उजव्या हाताला.

हे सगळं बाबांनी ठरवलेलं. आठवडाभर होडीच्या तिकिटांच्या खिडकीत बसायचे आणि सुट्टीच्या दिवशी कोयता घेऊन वाटा साफ करायचे. आपण दोघं रंगाचा डबा घेऊन त्यांच्या मागे. बाण दगडाच्या एकाच अंगाला काढायचा, समुद्राकडून येणाऱ्याला दिसेल असा. उलट येणाऱ्याला नुसता कोरा दगड दिसला पाहिजे, म्हणजे त्याला कळतं की आपण चुकलो. हे बाबांनी तुला आणि मला एकाच दिवशी शिकवलं होतं.

आणि तू काय केलंस? गाडी धक्क्यावर लावलीस, कारण तिथे सावली होती. तिथूनच आईला घेऊन वर निघालास. धक्क्यावर माझी पाटी आहे, निळ्या अक्षरांत: 'इथून सुरुवात करू नका. वाट समुद्राकडून सुरू होते.' जन्मभर लोकांना एकेरी रस्त्याची खूण शिकवून पोट भरणारा माणूस तू! हसावं की रडावं? माथा ओलांडून पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी पोचलास, तेव्हा कठडा आईच्या डाव्या हाताला आला. तिच्या डाव्या हातात जोर नाही, हे तुला ठाऊक होतं का? नसणारच.

आई पडली, तेही मी एक वेळ पोटात घातलं असतं. चूक कुणाकडूनही होते. पण नंतर, ज्या गावसमितीने वाटांचं काम मला दिलं होतं तिच्यासमोर बसून तू म्हणालास, "पाटी नव्हती. बाण एकही नव्हता." समितीची मंडळी पाहणीला गेली तीही धक्क्याकडूनच, गाड्या लावायला जागा तिथेच ना! बाण दिसले नाहीत. पाटी दिसली, तर अध्यक्षांनी बोटाने रंग चाचपला आणि म्हणाले, "हा तर ताजा आहे. अपघातानंतर घाईघाईने लावलेली दिसतेय." अरे, मी दर वर्षी मोसम सुरू व्हायच्या आधी सगळ्या पाट्या रंगवते! मी तसं सांगितलं. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू नुसतं "होती" म्हणाला असतास तरी भागलं असतं. तू खिशात गाडीची किल्ली शोधत होतास.

माझं काम गेलं. ते एक वेळ सोसेन. पण आता लोक म्हणतात, पाटीवालीने आईला पाडलं आणि वर खोटं बोलली. तेव्हा ऐक. तू इथे यायचंस, त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर उभं राहायचंस आणि सांगायचंस की पाटी होती आणि आईला उलट्या बाजूने मी नेलं. एवढंच. मला तुझी माफी नको, ती तू तुझ्याकडेच ठेव.

तुझी बहीण


१९ नोव्हेंबर

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीच ती, पत्र म्हणायला जीभ धजत नाही. "झालं ते झालं. उगाच ताणू नकोस. आईची काळजी घे." वा! काळजी घे म्हणे. गेली किती वर्षं मी इथे काय करतेय असं तुला वाटतं, गोट्या खेळतेय?

तर आता माझी बातमी ऐक. मला काम मिळालं. नदीकाठच्या लॉजवाल्याने पाहुण्यांना फिरवायला ठेवलंय. त्याला समितीशी काही देणंघेणं नाही. त्याला एवढंच कळतं की मला वाटा माहीत आहेत आणि मी बडबडी आहे. पाहुणे म्हणजे शहरातली बैठ्या कामाची माणसं, नव्या कोऱ्या बुटांची. त्यांना अवघड काही नको असतं. त्यांना टेकडी हवी, पण दम लागायला नको. समुद्र हवा, पण पाय भिजायला नकोत. मी त्यांना तीन वाटांवर नेते. खाडीच्या कडेची, जिथे बगळे दिसतात. जुन्या दीपगृहाची. आणि आपली टेकडीची.

टेकडीच्या पायऱ्या चढून झाल्या की सगळे धापा टाकत माथ्यावरच्या कट्ट्यावर बसतात, पाण्याच्या बाटल्या काढतात. त्यांना दम खायचा असतो, तेवढ्यात काहीतरी सांगावं लागतं. पहिले दोन-चार दिवस मी पक्ष्यांचं सांगितलं. आता तुझं सांगते.

नाव घेत नाही हं. काळजी नको. "एक मुलगा होता," असं म्हणते. "आईला वर्षातून एकदा भेटायला यायचा." मग धक्का, सावली, पाटी, कोरे दगड, सगळं क्रमाने. मंडळी खाली पायऱ्यांकडे बघतात आणि बायका हमखास च्च करतात. काल एक आजोबा म्हणाले, "असल्या पोराला याच पायऱ्यांवरून खाली सोडायला हवा." मी म्हटलं, "नको हो, शेवाळ असतं, लागेल त्याला."

खूप दिवसांनी मला काल पोटभर जेवण गेलं.

तू समितीपुढे आलास की गोष्ट बंद. नाहीतर दर फेरीला थोडी थोडी वाढवत नेईन. 'एक मुलगा' इथून सुरुवात केलीय. पुढे त्याचा धंदा सांगायचा आहे, गाडीचा रंग सांगायचा आहे, खूप काही शिल्लक आहे.

तुझी बहीण


२ डिसेंबर
(पोस्टकार्ड)

ड्रायव्हिंग स्कूलमधल्या सर्व मंडळींना नमस्कार. हे कार्ड तुमच्या मास्तरांना द्यावं, आणि उघडंच असल्यामुळे वाचलंत तरी माझी हरकत नाही. मास्तरांना एक प्रश्न विचारायचा आहे. 'इथून प्रवेश नाही' अशी पाटी दिसत असताना माणूस आत शिरला, शेजारी बसलेल्याचं हाड मोडलं, आणि नंतर तो म्हणाला की पाटीच नव्हती, तर तुमच्या परीक्षेत त्याला पास करतात का? उत्तर मास्तरांना ठाऊक आहे.

मास्तरांची बहीण


२१ डिसेंबर

दादा,

फोन आला म्हणायचा तुझा! इतक्या दिवसांनी आवाज ऐकला, तोही वरच्या पट्टीतला. "तू माझी बदनामी करतेयस, माझ्याकडे शिकायला येणारे लोक हसतात, रिसेप्शनवरची मुलगी तोंड लपवून हसते." मी एवढंच विचारलं, "पाटी होती की नव्हती?" तू म्हणालास, "विषय तो नाहीये." मग विषय कुठला आहे, बाबा? ते सांगायच्या आधीच तू फोन आपटलास. मोबाइल आपटून काय होतं, काच तेवढी फुटते.

तर ऐक, गोष्ट आता मोठी झालीय. तू 'ड्रायव्हिंग शिकवणारा मुलगा' झालास. पाहुण्यांना हा भाग फार आवडतो. एकेरी रस्त्याशी आलं की कट्ट्यावर हशा पिकतो. हसू ओसरलं की मी आईचं सांगते, मग सगळे गप्प होतात. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, मला आता बरोबर जमतं. लॉजवाला म्हणतो, पाहुणे निघताना त्याच गोष्टीबद्दल बोलतात. आणि या पायऱ्यांना गावात नाव पडलंय: 'मास्तरचा उतार'. मी पाडलं नाही, आपोआप पडलं. परवा होडीवाला धक्क्यावरून ओरडून सांगत होता, "मास्तरच्या उताराकडे पाणी उडतंय, जपून!" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. नवीन नकाशा छापायला घेतलाय, त्यात हे नाव घालायचं का, असं छापणारा लॉजवर विचारून गेला. मी म्हटलं, "घाला की, लोकांच्या तोंडी आहे."

समितीने माझ्या जागी कुणाला नेमलंय माहितीय? एका कंपनीला. ते शहरातून प्लास्टिकच्या पाट्या पाठवतात. एकीवर 'सोपी' लिहिलंय आणि ती खाडीच्या त्या चिखलात लावलीय जिथे मी कुणाला गुडघ्याच्या वर पॅन्ट दुमडल्याशिवाय जाऊ देत नसे. दोन्ही बाजूंनी बाण. कुठूनही या, कुठेही जा! समितीला हे चालतं. मला 'सोपी' हा शब्द लिहायला बाबांनी किती वर्षं दिला नव्हता, आठवतं? 'चार हंगाम चाल, मग लिही,' म्हणायचे. तो शब्द तू माझ्याकडून काढून घेतलास. मी माझं नाव परत मागतेय, दुसरं काही नाही.

आईला गोष्टीचं कळलं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, त्यांच्या पोटात काही राहत नाही. मला वाटलं, आईला बरं वाटेल, कुणीतरी तिची बाजू घेतंय. ती म्हणाली, "त्याला कशाला चव्हाट्यावर आणतेस? त्याचा काय दोष? पाय माझा घसरला." मी म्हटलं, "आणि माझा काय दोष होता?" तर म्हणे पाणी दे.

पडायच्या आधी वर्षभर मी तिला रोज म्हणायचे, चल, थोडं फिरून येऊ. तुला सांगते दादा, या बाईने मला एकाही वाटेवर साथ दिली नाही. दारापर्यंत यायची, बूट घालायची, आणि "आज नको, गुडघा दुखतोय" म्हणून परत. कधी पाटीपर्यंत आली तर पाटी वाचायची आणि म्हणायची, "चढ आहे की गं." आणि तू आलास तर उलट्या बाजूने आख्खी टेकडी चढून गेली! गुडघा कुठे गेला होता तेव्हा? हे मी पाहुण्यांना सांगत नाही.

तुझी बहीण


११ जानेवारी

दादा,

हे पत्र उघडायच्या आधी तुला घरी कळलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक.

परवा लॉजवर बारा-पंधरा पाहुण्यांचा घोळका होता. त्यात एक बाई, रुंद कडेची टोपी, मोठा काळा गॉगल, तोंडाला रुमाल. ऊन एवढं नव्हतं. ती मोजे वर ओढायला लागली तेव्हाच मी ओळखलं. वहिनी मोज्यांची कड दोनदा दुमडते, एकदा बाहेर आणि एकदा आत, असं दुसरं कुणी करताना मी पाहिलेलं नाही. बरोबर तिच्या ऑफिसातल्या दोघी मैत्रिणी. तिने मला हाक मारली नाही, म्हणून मीही मारली नाही.

आता तू म्हणशील, ओळखल्यावर तरी तोंड आवरायचं होतंस. आवरलं नाही. उलट त्या दिवशी गोष्ट इतकी रंगली म्हणून सांगू! गाडीचा रंग सांगितला. आईच्या साडीवर निळी फुलं होती, ते सांगितलं. समितीची खोली, ते डगमगणारं टेबल, मधोमध ठेवलेलं पाण्याचं भांडं, आणि तू किल्ली शोधत होतास ते. "पाटी नव्हती" हे वाक्य मी तुझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. मला तुझा आवाज छान काढता येतो, लहानपणी तूच चिडायचास.

मग वहिनीने रुमाल खाली केला आणि विचारलं, "मग पाटी होती का?"

मी म्हटलं, "ताई, खाली धक्क्यावर उतरलो की तुम्ही स्वतः बघा."

उतारावरून येताना ती सगळ्यांच्या मागे राहिली. धक्क्यावर पोचल्यावर बाकीचे चहाकडे पळाले. वहिनी पाटीसमोर उभी राहिली, अक्षरांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा फोटो आहे ना त्यांच्या मोबाइलमध्ये. आई या पाटीशेजारी उभ्या आहेत. मला त्यांनीच दाखवला होता, 'बघ, आई कशी हसतेय' म्हणून."

दादा, फोटो! तुझ्याकडे फोटो होता! आई पाटीला हात लावून उभी, मागे निळी अक्षरं, आणि तू समितीसमोर सरळ सांगितलंस की पाटीच नव्हती. मला इतके महिने वाटत होतं, घाईत तुझं लक्ष गेलं नसेल, भीतीने तोंडातून गेलं असेल. कुठेतरी मी तुला सूट देत होते. मूर्ख मी.

वहिनीने मला जवळ घेतलं नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "वन्सं, ते येतील. नाही आले तर मी तो फोटो घेऊन येईन." मग मैत्रिणींकडे जाऊन तिने चहा प्यायला. गॉगल पुन्हा लावला होता.

आता तू आहेस आणि तुझी बायको आहे. मला मध्ये पडायचं कारण नाही. घरी जेवायला काय मिळतंय ते कळव.

तुझी बहीण


८ फेब्रुवारी

दादा,

काल तुला मागच्या बाकावरून पाहिलं. केस पिकलेत तुझे. शर्टाच्या खिशाला पेन लावलं होतंस, जणू कुणाला नापास करायला आलायस.

मी मनाशी ठरवलं होतं की तू काहीतरी पळवाट काढशील. "गैरसमज झाला होता, लक्षात राहिलं नव्हतं" असलं काही. त्यावर काय बोलायचं, त्याचीही तयारी मी केली होती, शब्द धार लावून ठेवले होते. तू उभा राहिलास, मोबाइल टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, "पाटी होती. हा फोटो त्याच सकाळचा. मी वाचली होती. मला वाटलं, गावातल्या लोकांसाठी नसतात या पाट्या." अध्यक्षांनी चष्मा पुसून फोटो पाहिला, वेळ पाहिली, मग खिडकीबाहेर पाहिलं.

तिथे तू थांबायला हवं होतंस. मी मागितलं होतं ते तेवढंच होतं. तू पुढे बोललास, "पायऱ्यांच्या वरच्या टोकाला तिचा हात माझ्या हातात होता. मला तिचा समुद्रासकट एक फोटो हवा होता. म्हणून मी हात सोडला."

हे मला ठाऊक नव्हतं. आईने कधी सांगितलं नव्हतं.

तर अध्यक्षांनी घसा खाकरून ठराव केला, कंपनीच्या पाट्या काढायच्या आणि काम पुन्हा माझ्याकडे. एक सदस्य येऊन म्हणाले, "आम्हाला आधीपासून शंका होतीच." मी म्हटलं, "शंका मनात ठेवून तुम्ही माझी पाटी उखडायला निघाला होतात, आठवतंय ना?" ते चहा प्यायला गेले. आज सकाळी होडीवाल्याने लांबून हात केला, काकूंनी दारात थांबवून आनंद झाला म्हणून सांगितलं. मला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू.

तू मात्र जिन्यावरून उतरून थेट गाडीत बसलास. आई तिथून हाकेच्या अंतरावर झोपलेली होती. तू आला नाहीस. तुला वाटलं असेल, हिशेब मिटला.

गोष्ट बंद केलीय. दिलेला शब्द मी पाळते. नकाशावरचं नाव मात्र राहील, ते आता माझ्या हातात नाही.

तुझी बहीण


१५ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मग वाटलं, का नाही? तू तिथे आता शांत झोपत असशील. पोटात होतं ते सगळं ओकून टाकलंस, बायको पुन्हा बोलायला लागली असेल, शिकायला येणाऱ्यांना क्लच सोडायला सांगत असशील. म्हणून लिहिते.

समितीतून घरी आले तेव्हा मी उड्या मारत आले होते. आई झोपलेली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी, तुझं पत्र पोस्टात टाकून आल्यावर, तिच्या पलंगावर बसून सगळं सांगितलं. म्हटलं, "दादाने कबूल केलं. पाटी होती."

आई म्हणाली, "होतीच की. मी वाचली ना."

मला वाटलं, गोंधळली असेल. विचारलं, "कधी वाचलीस?"

"त्याने फोटो काढला तेव्हा. इथून सुरुवात करू नका, असं होतं. मला ठाऊकच आहे गं, तुझ्या बाबांबरोबर त्या वाटेवर सगळ्यात आधी मी चालले होते."

"मग थांब का नाही म्हटलंस त्याला?"

ती चादरीची किनार चुरगळत राहिली. मग म्हणाली, "त्याने हात धरला होता. थांब म्हटलं असतं तर सोडला असता."

दादा, हे वाक्य मी तुझ्यासाठी जसंच्या तसं लिहिलंय. पुन्हा वाच. समितीत तू म्हणालास, फोटोसाठी हात सोडला. त्याचा तुला त्रास होत असेल, होऊ दे. पण पायऱ्यांपर्यंत पोचायच्याही आधी, धक्क्यापासून, ती बाई पाटी वाचून, सगळं कळून, दुखऱ्या गुडघ्याने आख्खी टेकडी चढली. का, तर तिला ठाऊक होतं की तू असा हात पुन्हा केव्हा धरशील याचा काही नेम नाही. समितीत याची कुणी चौकशी केली नाही. मीही करू शकत नाही.

मी तिला विचारलं, "आणि माझं काम गेलं, लोकांनी मला खोटारडी म्हटलं, तेव्हा तू मूग गिळून का बसलीस?" ती म्हणाली, "तू भांडून परत मिळवशील, मला माहीत होतं. तो परत येईल की नाही, ते माहीत नव्हतं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासत बसले. घासलेलीच होती, तरी घासली. तिची वेणी मी घालते. तिला अंघोळ मी घालते, तिचं अंथरूण मी बदलते, कूस मी बदलते. मी थांब म्हटलं तर हात सोडीन अशी भीती तिला कधी वाटली नाही, म्हणून माझ्या हाताची तिला किंमत वाटली नाही. तुझ्यावर राग धरायला मला पाटी लागत होती. आता कळलं, राग पाटीचा नव्हताच.

फिजिओवाल्या बाई काल स्पष्ट बोलल्या. या महिन्यात उभी राहिली तर राहिली, नाहीतर पाय कायमचे आखडतील. त्या म्हणाल्या, "आजी कुणासाठी उठतील असं कुणी आहे का घरात?" मी खिडकी पुसत होते. पुसत राहिले. शेवटी म्हटलं, "घरात नाही."

तेव्हा तू येणार आहेस. ही विनंती नाही. दर रविवारी, सकाळची पहिली बस पकडून. गाडी नको, गाडी असली की तुला निघायची घाई होते. पलंगापासून खिडकीपर्यंत, मग खिडकीपासून दारापर्यंत. तिच्या डाव्या बाजूला उभं राहायचं. हात धरायचा आणि ती स्वतः बसेपर्यंत सोडायचा नाही, फोन वाजला तरी नाही, तुझं घर पेटलं तरी नाही. ती तुझ्याकडे बघून हसेल, ते तुला सहन करावं लागेल. ती म्हणेल, "तुझा काही दोष नाही रे," तेही ऐकून घ्यावं लागेल. काय घडलं ते तुला आणि तिला दोघांनाही ठाऊक आहे, तरी ती तसंच म्हणेल, दर रविवारी. माझ्या जिभेने तुला इतकी शिक्षा कधीच झाली नसती. मी जवळजवळ तीन महिने टेकडीवर घसा फोडला तो फुकटच.

हे कट्ट्यावर कुणाला सांगणार नाही. हे तुझ्यापुरतं आहे.

माझ्याशी बोलू नकोस. चहा टेबलावर झाकून ठेवलेला असेल. मी मागच्या खोलीत दार लावून बसेन. ती तुझ्यासाठी उभी राहिलेली मला बघायची नाही.

तुझी बहीण